नांदेडहून लातुरास : मागच्या आसनावरचा प्रवास

नकाशावर बोट ठेवून पाहिलें तर नांदेड व लातूर हीं गांवें एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत असें वाटतें. प्रत्यक्ष सडकेनें हें अंतर सुमारें १४० किलोमीटर भरतें. आगगाडीनें जावयाचें तर परभणी-परळीचा मोठा वळसा पडतो. म्हणून ज्याचें घर दोन्ही गांवीं आहे तो बहुधा सडकेचाच आश्रय करतो. आमचें घर असें दोन्हीकडे आहे. वडिलोपार्जित वाडा व थोरले बंधु लातुरास, आणि नोकरीच्या निमित्तानें आलेले व येथेंच रुजलेले आम्ही नांदेडास. कुळधर्म, श्राद्धपक्ष, नवरात्र हें सारें लातुरास. मुलांचीं शिक्षणें, औषधपाणी आणि रोजचा संसार नांदेडास. एकाच कुटुंबाचें एक पाऊल गोदावरीच्या कांठीं, तर दुसरें मांजरेच्या खोऱ्यांत. या दोन पावलांमधल्या सडकेचा विचार आम्हांस इतरांहून थोडा अधिक करावा लागतो, त्याचें कारण हें असें आहे.

तीन वर्षांपूर्वीं दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली व वाचा अडखळूं लागली. तेव्हांपासून महिन्यांतून दोनदां, दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं, लातुरास जावयाचें असा आम्हीं नेम धरला. मीं दादांजवळ बसून वर्तमानपत्र वाचावें, घरचे हिशेब पाहावे, सौ.नें वहिनींच्या हाताखालीं राहून त्यांस दोन दिवस उसंत द्यावी, अशी ही वाटणी. वाहन म्हणाल तर दादांचीच जुनी फटफटी. मोटरसायकल हा शब्द आतां लहान पोरेंही उच्चारतात, तरी आमच्या घरीं तिचें नांव फटफटीच राहिलें. दादांनीं ती सोळा वर्षें मोठ्या निगेनें वापरली आणि हात थकल्यावर किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. त्या दिवशीं त्यांस दोनच शब्द नीट उच्चारतां आले : “विकूं नको.” तेव्हां एस.टी.नें जा, लहानशी मोटार घे, असे हितोपदेश करणारे पुष्कळ भेटले, तरी फटफटी दारांतून हलली नाहीं.

नांदेडाहून पहांटे निघावें. सचखंड गुरुद्वाराचे दिवे अजून लागलेले असतात. गुरु गोविंदसिंग यांनीं १७०८ सालीं याच ठिकाणीं देह ठेवला, आणि महाराज रणजितसिंग यांच्या कारकीर्दींत १८३२ ते १८३७ या वर्षांत सध्यांची वास्तु उभी राहिली. गोदावरीचा पूल ओलांडला, लातूर फाटा मागें टाकला, कीं विष्णुपुरीच्या जलाशयावरून येणारा गार वारा तोंडावर येतो. पुढें लोहा, तेथून एक वाट किल्ल्याच्या कंधारास फुटते. मग माळेगांव. मार्गशीर्षाच्या अखेरीस येथें खंडोबाची यात्रा भरते व घोडे, गाढवें, उंट यांचा मोठा बाजार होतो. आमचे आजोबा या यात्रेस दमणींतून जात. दमणीच्या तळाशीं कडबा, त्यावर गवताची गादी आणि तिच्यावर गोधडी अशी तीन पदरी व्यवस्था आजी स्वतः करीत, असें दादा सांगत. बसणाराच्या हाडांची काळजी आमच्या घरांत पूर्वीं बायकांनीं वाहिली होती, हें मला पुष्कळ उशिरां उमगलें.

या भागांतील सडकेचा स्वभाव कळावयास येथील माती पाहावी. मराठवाड्याची काळी जमीन कपाशीला व सोयाबीनला मानवते, परंतु सडकेला ती मोठी अवघड. पावसाळ्यांत पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात हात भेगा पडतात. वरून डांबर कितीही गुळगुळीत घातलें तरी खालची भूमि वर्षांतून एकदां श्वास घेते व एकदां सोडते. त्यामुळें सडकेवर लांबट लाटा उठतात. त्या डोळ्यांना दिसत नाहींत, पण वाहनास कळतात. पुलांपाशीं तर हा प्रकार विशेष. पुलाचा पाया घट्ट असतो, त्याला लागून घातलेला भराव मात्र दबत जातो, आणि दोहोंच्या सांध्यावर पायरी तयार होते. नांदेड-लातूर रस्ता आतां राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा भाग असून गेल्या कांहीं वर्षांत तो चांगला रुंदावला आहे. पण त्यामुळें वेगही वाढला. पूर्वीं ताशीं चाळीसच्या वेगानें जी पायरी आम्ही सावकाश चढत असूं, तीच आतां सत्तरच्या वेगानें आदळते. चाकाला वर उचलले जाण्यास निम्म्याच्या आसपास वेळ मिळतो. रस्ता सुधारला म्हणून धक्के कमी झाले असा माझा समज होता. तो अर्धाच खरा होता.

गेल्या वर्षीं पावसाळा संपतां संपतां सौ.नें लातुरास येण्याचें टाळण्यास आरंभ केला. एकदां घरीं पाहुणे आहेत, एकदां वाळवणाचें काढून ठेवावयाचें आहे, एकदां नुसतेंच “तुम्हीच जाऊन या.” असे तीन शनिवार गेले. मला वाटलें, वहिनींशीं कांहीं शब्दाशब्दी झाली असावी. पुरुषांना अशा वेळीं हेंच कारण प्रथम सुचतें, हें कबूल करावयास हरकत नाहीं. चौथ्या खेपेस वहिनींनींच मला माजघरांत बोलाविलें. त्या म्हणाल्या, “भावजी, ती रागावली म्हणून येत नाहीं असें तुम्हांस वाटत असेल. तिची कंबर गेली आहे. मागच्या खेपेस ती आली, तेव्हां रात्रभर भिंतीला टेकून बसली होती. तुम्हांस सांगूं नका म्हणून मला शपथ घातली. तुम्हीं फटफटी विकाल आणि यांच्या जिवाला लागेल, अशी तिला भीति.”

मला त्या क्षणीं काय वाटलें तें लिहून दाखविण्यासारखें नाहीं. नांदेडास परत आल्यावर वैद्य झालें, अस्थितज्ज्ञ झाले. कण्यांतील दोन मणक्यांमधली गादी किंचित सरकली होती. सहा आठवडे विश्रांति व व्यायाम सांगण्यांत आला. डॉक्टरांनीं जातां जातां एक प्रश्न विचारला : “या वाहनावर कशा बसतात?” एका बाजूस पाय सोडून, साडी सावरून, असें मीं सांगितलें. ते म्हणाले, “म्हणजे कणा पिळलेला, पायांना आधार एकाच बाजूचा, आणि धक्का येणार हें पुढें पाहावयास वाव नाहीं. तुम्हांस खड्डा दिसतो, त्यांना तो लागल्यावर कळतो.”

हें वाक्य मीं घरीं आणून पुष्कळ घोळविलें. फटफटीवर चालविणारा दोन्ही चाकांच्या मधोमध बसतो. मागचें चाक उसळलें तर त्याला त्या उसळीचा थोडाच भाग मिळतो, शिवाय दोन्ही पायांवर भार घेऊन तो किंचित उठूं शकतो. मागें बसणाराचें आसन मात्र थेट मागच्या चाकाच्या आंसावर. झोक्याच्या टोकाशीं बसणाराला सर्वांत मोठा झोंका मिळावा, तसा हा प्रकार. त्यामुळें ‘गाडी चांगली चालते’ हा माझा निर्वाळा म्हणजे केवळ पुढच्या आसनाचा निर्वाळा होता. तीस वर्षें गणित शिकविलें, पण हें साधें त्रैराशिक मीं कधीं मांडलें नव्हतें.

वजिराबादेच्या बाजूस एका बोळांत एक वृद्ध मिस्त्री आहेत. मीं त्यांस गाडी दाखविली. त्यांनीं इंजिनाकडे पाहिलेंही नाहीं. मागच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून गाडी खालीं दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खालीं गेली, पुन्हां वर, पुन्हां खालीं. तीनचार वेळां हेलकावे खाऊन मग स्थिर झाली. “पाहिलंत का ओ सर? नुसती उड्या मारायली. स्प्रिंग जिती हाय, पण शॉकअप मेलेत.” मग त्यांनीं दांडीवरून बोट फिरवून तेलाचा चिकट थर मला दाखविला. इतकें सोपें परीक्षण मला ठाऊक नव्हतें. दाबलेली गाडी एकदांच वर यावी आणि तेथेंच थांबावी. तसें न झालें, किंवा दांडीवर तेल पाझरलेलें दिसलें, कीं त्या शॉकअपचें आयुष्य संपलें असें समजावें.

शॉकअप म्हणजे एकच वस्तु नसून दोन आहेत, हें वाचकांनीं येथें लक्षांत घ्यावें. बाहेरचें वेटोळें म्हणजे स्प्रिंग. ती भार तोलून धरते. आंतली नळी म्हणजे दमक. तिच्यांत तेल असतें व तेलांतून बारीक छिद्रांचा दट्ट्या मागेंपुढें सरकतो. स्प्रिंगचा धर्म झोपाळ्यासारखा. झोपाळ्याला एक झोंका द्यावा, तो कितीतरी वेळ हलत राहतो. पायाचा अंगठा भुईला टेकविला कीं मग थांबतो. दमकांतील तेल हा तो अंगठा होय. छिद्रांतून तेल कष्टानें पुढें सरतें, आणि धक्क्याची शक्ति तेथें उष्णतेच्या रूपानें जिरते. लांबच्या प्रवासानंतर नळीला हात लावला तर ती गरम लागते, ती यामुळें. फार तापलें कीं तेल पातळ होतें. शिवाय नळींत मोकळी हवा असली तर तेलाला फेंस येतो, आणि फेंसाला अडविण्याची ताकद नसते. म्हणून नळींत दाबाखालीं नायट्रोजन वायु भरण्याची युक्ति निघाली. वायु व तेल एका पडद्यानें वेगळे ठेवणारी एकनळी रचना फ्रान्समधील द कार्बन यांनीं १९५३ च्या सुमारास प्रचारांत आणली. त्यापूर्वींच्या पुष्कळशा फटफट्यांचें मागचें चाक सांगाड्यालाच घट्ट जखडलेलें असे, आणि बसणाराच्या खोगिराखालीं तेवढ्या दोन स्प्रिंगा असत. मागें झुलता काटा व तेलाचे शॉकअप असलेली बुलेट १९४८-४९ च्या सुमारास विलायतेंत आली. १९५५ मध्यें मद्रासेस कारखाना निघाल्यावर तीच आपल्याकडे तयार होऊं लागली. दमणीच्या व टांग्याच्या कमानींना असा दमक नसे. परंतु तेथें पाट्यावर पाटा घासून हेलकावा आपोआप मोडत असे. आपले लोहार हें शास्त्र न सांगतां करीत होते.

आतां माझी चूक सांगतों. जुने शॉकअप काढावयाचे हें ठरल्यावर आमचा धाकटा पुतण्या मदतीस धांवला. तो अभियांत्रिकीच्या वर्गांत आहे. त्यानें एक लाल स्प्रिंगांचा, बाजूला चकचकीत डब्या असलेला जोड मागविला. दिसावयास तो इतका देखणा कीं बोळांतलीं पोरें भोंवतीं जमलीं. मिस्त्रींनीं मात्र जोड हातांत घेऊन मान हलविली. तरी मीं तो बसविला आणि एकटाच लातुरास जाऊन आलों. गाडी वळणावर घट्ट राहिली, हेलकावे थांबले, मीं खूष झालों. सौ.चें विश्रांतीचें पथ्य संपल्यावर तिला केवळ विष्णुपुरीपर्यंत घेऊन गेलों. परत आल्यावर ती कांहीं बोलली नाहीं. पायरीवर बसली आणि तिनें डोळे मिटले. हेलकावे गेले होते, पण प्रत्येक खडा तिच्या कण्यापर्यंत सरळ पोंचत होता. मागाहून मिस्त्रींनीं तो जोड उतरून दाखविला. त्या डब्या नुसत्या शोभेच्या; त्यांचा आंतल्या तेलाशीं कांहीं संबंध नव्हता. दोष विकणाराचा होताच. परंतु मागें बसणाराला न विचारतां निवड करणाराचा त्याहून मोठा होता.

मग मात्र मीं शिक्षकाला शोभेल अशा रीतीनें काम केलें. फूटपट्टी, खडू आणि वही घेतली. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मागचें चाक अधांतरीं ठेवलें. आंसाच्या मध्यापासून वर आसनाखालच्या एका खुणेपर्यंतचें अंतर मोजलें. नंतर गाडी जमिनीवर उतरवून तेंच अंतर, मग मी बसून तेंच, आणि शेवटीं आम्ही दोघें व नेहमींचें सामान असें मिळून तेंच. या मापांतील फरकाला मिस्त्रीलोक ‘बैठक’ म्हणतात. आमच्या गाडीच्या चाकाला वरखालीं होण्यास एकूण ८० मिलिमीटर वाव आहे. जुन्या शॉकअपवर गाडी स्वतःच्या भारानें १४, माझ्यासह २७ आणि दोघांसह ५२ मिलिमीटर बसे. म्हणजे खड्डा येण्यापूर्वींच निम्म्याहून अधिक वाव संपलेला असे. उरलेल्या २८ मध्यें पुलाची पायरी मावत नसे आणि लोखंडावर लोखंड आदळे. लाल जोडावर दोघांसह बैठक अवघी १८. तेथें गाडी वरच टांगलेली राही व धक्क्याला झेलावयास खालीं यावयास तयारच नसे. साधारण नियम असा कीं, नेहमींचा भार घेतल्यावर बैठक एकूण वावाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी असावी.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉकअपच्या बुडाशीं पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. पान्यानें ती फिरविली कीं ‘स्प्रिंग कडक झाली’ असें सर्व म्हणतात. वस्तुतः स्प्रिंगची कडकी तिच्या तारेच्या जाडींत व वेटोळ्यांच्या संख्येंत असते. कडी फिरवून ती बदलत नाहीं. बदलतो तो केवळ पूर्वताण, म्हणजे गाडी किती उंचीवर उभी राहील एवढेंच. म्हणून प्रथम स्प्रिंग आपल्या भाराची निवडावी व मग कडीनें उंची साधावी. निवडतांना आम्हीं आमचीं वजनें चोरलीं नाहींत. माझें ६८ किलो, सौ.चें ५७, आणि डबा, औषधें, लुगडीं यांचें १२. दुकानांत पुष्कळ लोक सामानाचें वजन सांगतच नाहींत, आणि मागें बसणाराचें तर अंदाजानें सांगतात.

बाजारांत तीन वाटा आहेत. पहिली, मूळ कारखान्याचा तोच जोड पुन्हां घ्यावा. ज्याचा प्रवास थोडा व भार ठरलेला आहे त्याला हें पुरें आहे. दुसरी, देशी बनावटीचा वायु भरलेला जोड. शॉकअपचे मोठे कारखाने आपल्या महाराष्ट्रांतच आहेत. एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचा वाळुजास, म्हणजे मराठवाड्यांतच, आणि गॅब्रिएलचा चाकणास. तिसरी वाट परदेशी जोडांची. स्वीडनमधील ओलिन्ससारख्यांचे जोड शर्यतींतून नांवाजलेले आहेत. त्यांत दाबण्याची गति व उसळण्याची गति निरनिराळी जुळवितां येते, पण किंमत कितीतरी पट पडते. माझें मत विचाराल तर घरगुती प्रवासास भाराची योग्य स्प्रिंग व प्रामाणिक दमक असलेला मधला जोड पुरतो. डबी खरी असेल तर तिचा उपयोग आहे. तेल अधिक मावतें व लवकर तापत नाहीं. खोटी असेल तर ती नाकांतल्या चमकीइतकीच उपयोगी.

याखेरीज चार गोष्टी जपाव्या. नव्या जोडाची एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंतची लांबी जुन्याइतकीच असावी. मागची बाजू उंच झाली कीं पुढचा काटा उभा होतो, हॅण्डल चंचल होतें व स्टँड अपुरा पडतो. कड्यांतील रबरी बुशांचीं मापें जुळावीं. चेनचें झांकण व सायलेन्सर यांना स्प्रिंग घासत नाहीं हें चाक फिरवून पाहावें. आणि एकच शॉकअप कधीं बदलूं नये, जोडीनेंच बदलावा. वायु भरलेली नळी घरीं उघडूं नये. तिच्यांतला दाब इजा करूं शकतो. या सर्वांच्याही आधीं टायरांतील हवा तपासावी, कारण अति फुगविलेलें टायर कितीही उत्तम शॉकअपचें काम व्यर्थ करतें. झुलत्या काट्याचे बुश झिजले असतील तर तेही त्याच वेळीं बदलून घ्यावे, आणि दोनशें किलोमीटर चालल्यावर सर्व नट एकदां आवळावे.

आमचा तिसरा जोड असा मोजूनमापून आला. पहिल्या पायरीवर गाडी स्वतःच्या भारानें ९ व माझ्यासह १९ मिलिमीटर बसली. एकट्याला हें ठीक. दोघांसह ३८ भरली, तेव्हां कडी चौथ्या पायरीवर नेली आणि बैठक २८ वर आली. तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक, परंतु सौ. म्हणाली, “अहो, आतां पुरे. गणित कंबरेला कळलें.”

राहिला प्रश्न बसण्याचा. डॉक्टरांचा सल्ला मीं वहिनींस कळविला होता. आमच्या घरांत त्या वडीलधाऱ्या; सौ. त्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीं. त्यांनीं दूरध्वनीवरून एवढेंच सांगितलें : “माझी सासूबाई दमणींत मांडी घालून बसत असे. पाय कसे ठेवावे याचा शास्त्रार्थ कोणीं केला नाहीं. तूं पंजाबी पोशाख घाल, दोन्हीकडे पाय टाकून बैस, डोक्याला हेल्मेट घाल, आणि घरीं आल्यावर नेस लुगडें.” अशा रीतीनें आमच्या घरांत एक सुधारणा कोणताही ठराव न मांडतां पास झाली.

कार्तिकांतल्या दुसऱ्या शनिवारीं आम्ही निघालों. लोह्याला चहा घेतला. माळेगांवच्या पुढें जमीन चढूं लागते, बालाघाटचे पठार आरंभ होतें, शेतांत तुरी उभ्या असतात. मी प्रत्येक पुलापाशीं वेग कमी करी व मान किंचित वळवून विचारीं, “कसें आहे?” चारपांच वेळां उत्तर आलें. अहमदपुराच्या पुढें मात्र ती म्हणाली, “दर वेळीं विचारूं नका. दुखलें तर मी आतां सांगेन.” या वाक्याचें मोल त्या नव्या जोडाच्या किंमतीहून अधिक आहे. शिरूर ताजबंदास धपाटे, शेंगांची चटणी व दही काढलें. तेथून एक रस्ता उदगिराकडे जातो. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामावर विजय मिळविला तो त्याच उदगिरास. चाकूर, आष्टामोड करीत दहाच्या सुमारास लातूर दिसूं लागलें.

लातुरास पोंचल्यावर मला नेहमीं बार्शी लाईट रेल्वेची आठवण येते. १९११ मध्यें ही अडीच फुटी रूळांची लहान आगगाडी येथवर आली. तिचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं एक साधें तत्त्व धरिलें होतें : गाडीचा भार सर्व चाकांवर सारखा वांटावा, कोणत्याही एका आंसावर पांच टनांहून अधिक येऊं देऊं नये, मग हलक्या रूळांवरूनही मोठें वजन सुखानें जातें. पुढें याच गृहस्थांनीं विमानांतून सुखरूप उतरण्यासाठीं हवाई छत्री तयार केली. आतां तो मार्ग रुंद झाला आहे व लातुरास डब्यांचा कारखानाही उभा राहिला आहे. तरी भार सर्वांवर सारखा वांटावा हें तत्त्व लातुरास शंभर वर्षांपूर्वीं येऊन गेलें होतें. आमच्या घरीं पोंचावयास त्याला थोडा अधिक काळ लागला.

गंजगोलाईच्या गर्दींतून वाट काढीत आम्ही वाड्यापाशीं आलों. दादा ओट्यावर खुर्चींत बसले होते. सौ. उतरली व कोणाचा हात न धरतां तीन पायऱ्या चढून नमस्कारास वांकली. दादांनीं तिच्याकडे पाहिलें, मग फटफटीकडे पाहिलें. डावा हात वर करून त्यांनीं खूण केली. मीं गाडी ओट्याला लागून उभी केली. त्यांनीं त्या एका हातानें मागचा कठडा धरिला, अंगांत होता तेवढा भार त्यावर टाकला आणि सोडून दिला. गाडी खालीं गेली, एकदां वर आली आणि तेथेंच थांबली.

दादांनीं मान हलविली. “ठीक,” ते म्हणाले. मग थोडा वेळ शब्द जुळवून सौ.कडे बोट केलें आणि मला विचारलें, “हिला... विचारलेंस?”

वहिनी आंतून पाण्याचे तांबे घेऊन येत होत्या. मीं उत्तर देण्याच्या आधींच त्या म्हणाल्या, “या खेपेस विचारलें हो.”